विस्तवाचा पहिला दिवस

टाकी भिंतीपासून सहा फूट लांब बसवली तेव्हाच पलजोरची पहिली कुरकुर झाली होती. रॉकेलची टाकी भिंतीला टेकवली असती तर अंगणात आणखी एक गाडी उभी राहिली असती, असं त्याचं म्हणणं. चोरोलनं पाना खाली न ठेवताच सांगितलं, "आचो, गाडी ढकलून बाजूला नेता येते. भिंत नेता येत नाही."

पलजोरची दुमजली इमारत लेहच्या बाजारामागच्या गल्लीत होती. खाली चार दुकानं, वर एक लांब हॉल, आणि अंगणाच्या पलीकडे त्याचं राहतं घर. हॉल पश्मिना कातणाऱ्या बायकांनी भाड्यानं घेतला होता. बावीस जणी. बोटं गारठली की पश्मिन्याचा धागा तुटतो, म्हणून दरवर्षी डिसेंबरपासून त्यांचं काम बंद पडायचं. या वर्षी पलजोरनं तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत रॉकेलवर चालणारा मोठा हीटर बसवायचं ठरवलं. हीटर खाली जळणार, पंखा हॉलमधलीच हवा बंद नळीतून खाली ओढून, तापवून, पत्र्याच्या डक्टमधून वर ढकलणार, आणि ती हॉलच्या वरच्या टोकाला भिंतीतल्या जाळीतून बाहेर पडणार.

काम अझांग गुरमेतकडे आलं होतं. ते चोरोलचे मामा. लेहमधले निम्मे हीटर त्यांनी बसवलेले. पण त्यांची पाठ धरली होती, आणि पॉलिटेक्निक करून आलेली भाची आठ वर्षं त्यांच्या हाताखाली राबत होती. या वेळी ते म्हणाले, तूच जा. एकटीनं केलेलं तिचं हे पहिलं मोठं काम.

ते तिनं जसं करायला हवं तसं केलं. तांब्याच्या नळीचा प्रत्येक सांधा साबणाच्या पाण्यानं तपासला. धुराडं छताच्या वर चार फूट नेलं. कारखान्यातून आलेली बर्नरची नोझल काढून तिनं छोटी बसवली, तेव्हा पलजोर म्हणाला होता की पैसे मोठ्याचे आणि ऊब छोट्याची असा हा व्यवहार दिसतो. चोरोलनं त्याला चाचणीपुरता हीटर चालवून धुराड्यात धरलेले दोन कागद दाखवले. मोठ्या नोझलच्या कागदावर तव्याच्या बुडासारखा काळा डाग होता, छोटीचा कागद कोरा. ती नोझल दिल्लीच्या जाड हवेसाठी आहे, आपल्या हवेत तिला तेल जास्त आणि हवा कमी पडते, हे तिनं सांगितलं.

खोलीच्या बाहेरच्या भिंतीत तिनं दोन भोकं पाडून घेतली होती, एक वर आणि एक खाली, दीड दीड वीत रुंद. आतून जाळी बसवली. हीटर जळायला लागणारी हवा तिथून यायची. हेही तिनं पलजोरला समजावलं आणि त्यानं मान डोलावली.

एक गोष्ट राहिली होती. डक्ट जिथं जमिनीतून वरच्या हॉलमध्ये निघत होता, तिथं त्याच्याभोवती चार बोटं फट होती. तिच्यात चोरोलनं न जळणारी दगडी लोकर घट्ट कोंबली होती. ती लोकर आग अडवते, वायू अडवत नाही. त्यावर पत्रा ठोकून कडा बंद करायच्या होत्या, आणि पत्रा वाकवून देणारा म्हणाला, दोन दिवस लागतील. तिनं पलजोरकडे दोन दिवस मागितले. तो हसला. पहिला विस्तव पेटवायचा मुहूर्त गावच्या ज्योतिषानं, ओन्पोनं, उद्या सकाळचा काढला होता, त्यानंतरचा लोसारच्या नववर्षानंतर, म्हणजे सहा आठवड्यांनी. सहा आठवडे बावीस बायका घरी बसणार का, असं त्यानं विचारलं. चोरोलनं मनाशी हिशेब केला. खोलीला हवा मिळते आहे, धुराडं चांगलं ओढतं आहे, म्हणजे धूर खोलीत यायलाच नको. मग फट असली काय, नसली काय. ती "ठीक आहे" म्हणाली.

सकाळी नऊ वाजता सगळे हीटरच्या लहानशा खोलीत दाटीवाटीनं उभे राहिले. लामांनी प्रार्थना म्हटली आणि ते दुसऱ्या घरी गेले, त्या दिवशी त्यांना तीन घरं होती. कुणीतरी पांढरा रेशमी खातक, शुभाचा पट्टा, थेट धुराड्याच्या नळीला बांधला. चोरोलनं तो सोडून दाराबाहेरच्या स्विचच्या पेटीला बांधला आणि म्हणाली, देवाला इथूनही पोचेल. बायका हसल्या.

मग अबी यांगझेस पुढे आली. पलजोरची आई, वय एक्क्याऐंशी, कमरेत वाकलेली, पण तिच्या शब्दाबाहेर त्या अंगणात पान हलत नव्हतं. तिनं हीटरच्या माथ्यावर चिमूटभर लोणी लावलं आणि बटणावर बोट ठेवलं. दाबण्याआधी मान वर करून तिनं चोरोलला विचारलं, "हा विझणार नाही ना गं, नोमो? उद्या सूर्य उगवेपर्यंत?"

तिच्या घरात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. तरुणपणी साबू गावात त्यांनी नवं स्वयंपाकघर बांधलं, आणि शेण्या ओल्या निघाल्यामुळे पहिल्या दिवसाचा विस्तव दुपारीच विझला. त्याच हिवाळ्यात अबीचा नवरा घाटात बर्फाखाली गेला. तेव्हापासून नव्या चुलीचा पहिला विस्तव तिच्या घरात कुणी विझू दिला नव्हता.

"नाही विझणार, अबी-ले," चोरोल म्हणाली.

बर्नर घरघरला, काचेमागे पिवळी ज्योत उठली आणि स्थिर झाली. नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. चोरोलनं धुराड्यात वायू मोजायचा मीटर धरून पाहिला. आकडे कालच्या चाचणीतल्यासारखेच, चोख. सगळे वर गेले. शेवटी बाहेर पडला तो मेमे इशे, त्या इमारतीचा म्हातारा राखणदार. त्यानं दार ओढून घेतलं.

हॉलमध्ये भिंतीलगत गालिच्यांची ओळ अंथरली होती. ओळीत बसायची रीत ठरलेली. सगळ्यात मानाची जागा वरच्या टोकाला, म्हणजे जाळीला लागून, तिथं अबी. तिच्याखाली वयानं मोठ्या बायका, मग त्यांच्याहून लहान. चोरोल वयानं आणि मानानंही सगळ्यात खाली, दारापाशी, जोड्यांच्या शेजारी. तिची तक्रार नव्हती. तिथून सगळा हॉल दिसत होता.

हॉल उबदार झाला. खिडक्यांना दुहेरी प्लास्टिक ठोकलेलं होतं, त्यावर ऊन पडलेलं. लोण्या-मिठाचा गुरगुर चहा फिरला. बायकांनी चात्या काढल्या, आणि बोटं वळताहेत, धागा निघतोय, हे पाहून त्यांच्या बोलण्याला ऊत आला. चोरोलच्या वरच बसलेली आमा कुंझेस, तिला गप्प बसणं कधी जमलं नाही. ती म्हणाली, "हीटर बसवलास, बरं केलंस. आता घरात नवरा बसव."

"शोधते आहे," चोरोल म्हणाली.

"नोझल छोटी बघ हो. मोठी असली की काजळी फार धरते."

दहा बाया एकदम हसल्या. चोरोलही हसली. हसता हसता तिनं अंगातल्या लोकरी गोन्चाच्या घडीतून मीटर काढून पाहिला, सवयीनं. अठरा.

अठरा म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही. कार्बन मोनॉक्साइड शुक्पाच्या, म्हणजे धुपाच्या, धुरातही असतो, तुपाच्या दिव्यांतही. सकाळी हॉलभर शुक्पा फिरवला होता आणि ओळीनं दिवे लावले होते. तिनं मीटर परत ठेवला. पण डोक्यात ते राहिलं. धूर बंद झाला की आकडा उतरायला हवा. पंधरा मिनिटांनी तिनं पुन्हा पाहिलं. सव्वीस.

शुक्पाचं भांडं कधीच थंड झालं होतं. दिवे संपत आले होते. आकडा मात्र चढला होता.

तिला पहिली शंका स्वतःचीच आली. नोझल चुकली असेल. हवेची झडप घट्ट राहिली असेल. पण मग सकाळी धुराड्यातले आकडे चोख कसे आले? शिवाय ज्योतीत काही चुकलं असतं तरी तो धूर धुराड्यातून बाहेर जाणार, हॉलमध्ये का येईल? यायला वाट एकच होती, आणि ती वाट तिला पाठ होती. चार बोटं रुंद, डक्टभोवती, जाळीच्या बरोबर खाली.

तिनं ओळीच्या वरच्या टोकाकडे पाहिलं. वीस-बावीस पावलं. तरुण बाईनं ओळीतून उगाच वर चालत जायचं नसतं. चोरोल उठली, चहाची किटली उचलली आणि मीटर डाव्या बाहीत सरकवून चहा ओतत निघाली.

"अगं वर कुठं?" कुंझेस मागून म्हणाली. "केस तर काळे आहेत अजून."

चौथ्या बाईपाशी मीटर पस्तीस. तिनं चहा ओतला. आठवीपाशी साठ. तिथली बाई कपाळ दाबत म्हणाली, नव्या रंगाचा वास डोक्यात गेला. चोरोलनं चहा ओतला. बाराव्या बाईनं चाती मांडीवर टाकून भिंतीला डोकं टेकवलं होतं. एकशे दहा. वरून तिसरीनं चहा नको म्हणून वाटीवर हात ठेवला, पोटात ढवळतंय म्हणाली. दोनशे वीस. आता मीटर ओरडू लागला होता, पण बाहीच्या जाड लोकरीत आणि बायकांच्या गलबल्यात ते कुणाच्या कानावर गेलं नाही.

अबी जाळीला पाठ टेकून बसली होती. हनुवटी छातीवर. गाल लहान मुलीसारखे गुलाबी. तीनशे चाळीस.

"झोपू दे तिला," शेजारची बाई म्हणाली. "पहाटे चारपासून उठलीय. ऊब लागली."

चोरोलनं किटली खाली ठेवली. "अबी-ले," तिनं हाक मारली. मग खांदा हलवला. अबीनं डोळे अर्धे उघडले, तिला कुठल्या तरी दुसऱ्याच नावानं हाक मारली, आणि मान पुन्हा खाली पडली.

चोरोलनं ओळीच्या पार खालच्या टोकाला कुंझेसकडे पाहिलं. आवाज चढवला नाही, पण हॉलमध्ये ऐकू जाईल इतका मोठा ठेवला. "आमा कुंझेस, सगळ्यांना उठवा. खाली अंगणात, उन्हात. चात्या राहू देत. चाललं नाही जात असं वाटलं तर दुसरीला धरा. आत्ता."

कुंझेसनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि एकही शब्द न बोलता उठली. तिचं न बोलणं पाहूनच बाकीच्या उठल्या.

चोरोलनं खिशातली पक्कड काढून जवळच्या खिडकीचं प्लास्टिक फाडलं. मग दुसरीचं. थंडगार हवा पाण्यासारखी आत आली. तेवढ्यात पलजोर जिन्यातून वर आला, हातात ताज्या खंबीर रोट्यांची टोपली. नव्या हॉलचं फाडलेलं प्लास्टिक, उठलेल्या बायका, हे पाहून तो दारातच थांबला आणि त्यानं विचारलं, हे काय चाललंय.

तिनं मीटर त्याच्यासमोर धरला आणि आकडा कशाचा ते सांगितलं. म्हणाली, आईला उचला, मी खाली जाऊन हीटर बंद करते.

"बंद नाही करायचा," पलजोर म्हणाला. टोपली अजून हातातच होती. "मीटर शुक्पाच्या धुरानंही चढतो. तूच म्हणतेस."

"शुक्पा विझून दोन तास झाले, आचो."

"मग खिडक्या उघड्या ठेवू. खालचं दारही उघडू. बाया बाहेर जातातच आहेत. हीटर रिकाम्या हॉलमध्ये जळू दे उद्यापर्यंत. कुणाचं काय बिघडतं? विझवू नको, नोमो. तिला कळलं तर ती हायच खाईल."

त्याचं म्हणणं अगदीच वेडं नव्हतं, हेच अवघड होतं. दारं-खिडक्या उघडल्या तर कदाचित ज्योत पुन्हा सरळ होईल, धूर पुन्हा धुराड्याची वाट धरेल. कदाचित. तिनं अबीला शब्द दिला होता. पण नेमकं काय बिघडलं हे तिला माहीत नव्हतं, आणि काय बिघडलं हे माहीत नसताना चालू ठेवलेला हीटर पुढच्या तासाला काय करेल ते तिला सांगता येत नव्हतं. अंगणाच्या पलीकडे याचंच घर होतं, खाली दुकानं होती.

"आईला उचला," ती म्हणाली. "त्या झोपलेल्या नाहीत."

तेव्हा कुठं पलजोरनं जाळीकडे पाहिलं. टोपली हातातून सुटली. चोरोल त्याच्या बाजूनं जिना उतरली. खाली भिंतीवर खातक बांधलेली पेटी. तिनं खातकाखाली हात घालून लाल स्विच खाली ओढला.

पंख्याची घरघर हळूहळू उतरली आणि थांबली. सकाळपासून तो आवाज कानांना इतका सवयीचा झाला होता की इमारतीतून कुणीतरी उठून गेल्यासारखं वाटलं. पावणेबारा वाजले होते.

अबीला गालिच्यासकट खाली आणलं, पलजोर आणि कुंझेस दोघांनी. अंगणात उन्हात ठेवल्यावर ती ओकली, मग तिनं डोळे उघडले आणि काहीच ओळखलं नाही. शेजारच्या दुकानदारानं गाडी काढली. पलजोर आईचं डोकं मांडीवर घेऊन बसला. ज्यांना मळमळत होतं त्या आणखी तिघींना चोरोलनं त्याच गाडीत बसवलं, आणि दवाखान्यात कोणत्या वायूची बाधा म्हणून सांगायचं, मीटरवर आकडा किती होता, ते एका कागदावर लिहून सोबत जाणाऱ्या कुंझेसच्या हातात दिलं. उरलेल्या बायका भिंतीच्या उन्हात रांगेनं बसल्या. एकीनं हळूच विचारलं, विझवलास? चोरोलनं मान डोलावली. ती बाई दुसरीकडे पाहू लागली.

हीटरच्या खोलीचं दार तिनं पायानं ढकललं. ते हलेना. दाराच्या खालच्या फटीत जुन्या लोकरी नमद्याची घट्ट गुंडाळी दाबून बसवलेली होती. ती ओढून काढली, दार सताड उघडलं आणि मीटर शून्यावर येईपर्यंत ती बाहेरच थांबली. आत गेली तेव्हा भिंतींना काजळीचा वास होता. हीटरच्या काचेवर काळं साय धरल्यासारखं बसलं होतं. आतल्या दोन्ही जाळ्या जागच्या जागी. तिनं वरच्या जाळीपाशी तळहात नेला. हवेचा स्पर्श नाही. खालच्या जाळीपाशी नेला. नाही.

ती वळसा घालून बाहेरच्या भिंतीशी गेली, आणि तिला भोकंच सापडेनात. भिंत एकसारखी, गुळगुळीत, समारंभासाठी ताजा चुना दिलेली. तिनं कोपऱ्यापासून पावलं मोजली. सातव्या पावलाशी बोटाच्या पेरानं टकटक केली. आवाज पोकळ आला.

"काय शोधतेस?" मागून मेमे इशेनं विचारलं.

"इथं दोन भोकं होती, मेमे-ले."

"होती ना. काल संध्याकाळी बुजवली." म्हातारा जवळ आला. आपल्या कामावर त्याचा हात प्रेमानं फिरला. दर वर्षी थंडीच्या तोंडाशी तो सगळ्या इमारतीची भोकं बुजवायचा. प्लास्टिक, लोकर, माती, चुना. त्याच्या हातची फट पुन्हा उघडत नसे, अशी त्याची ख्याती. "वारा थेट आत जात होता गं. हात धरला तर बोटं बधिर व्हायची. म्हटलं, एवढं महागाचं मशीन, त्याला रात्रभर थंडी वाजणार. माझ्या जुन्या गोन्चाची बाही घातलीय आत. चांगली लोकर आहे. आणि दाराखाली नमदा लावला, रॉकेलचा वास पाहुण्यांना नको म्हणून."

सकाळी आतून जाळी पाहिली होती, ती जागेवर होती. भिंतीच्या बाहेरच्या बाजूला ती आज आलीच नव्हती. पेटवताना दार उघडं, दाटीवाटीनं माणसं उभी, हवा दारातून येत होती. सगळे वर गेले, दार लागलं, नमदा बसला, आणि हीटर बंद डब्यात जळत राहिला. हवा संपली तसं धुराडं उलटं वाहू लागलं. त्या धुराला वर जायला एक फट तिनं ठेवलीच होती.

"मशिनला थंडी वाजत नाही, मेमे-ले," ती शेवटी म्हणाली. "त्याला श्वास लागतो. तो इथून घ्यायचा होता. हे मी पलजोरला सांगितलं. तुम्हाला सांगायला हवं होतं."

मेमे इशेला कळायला थोडा वेळ लागला. मग तो तिथंच भिंतीशी खाली बसला. त्यानं विचारलं, "अबी वाचेल का?"

"मला माहीत नाही," चोरोल म्हणाली. खोटं सांगणं तिला जमलं नसतं.

तो उठला, छिन्नी-हातोडा घेऊन आला आणि स्वतःच्या हातानं माती फोडू लागला. आतून काळपट लाल बाही निघाली. ती त्यानं झटकली नाही, घडी करून बाजूला ठेवली.

दीड वाजता पलजोरचा फोन आला. अबीला ऑक्सिजन लावला होता, ती शुद्धीवर आली होती, माणसं ओळखत होती. बाकीच्या तिघी ठीक होत्या. डॉक्टर म्हणाले होते, आणखी तासभर तिथंच बसली असती तर अवघड होतं. मग त्यानं विचारलं, कारण सापडलं का. चोरोलनं सांगितलं.

"म्हणजे भोकं उघडली की झालं," तो म्हणाला. "मग पेटव, आणि इकडे ये. ती शुद्धीवर आल्यापासून एकच विचारतेय. विस्तव चालू आहे असं मला तिला सांगू दे."

"आज नाही पेटवणार, आचो. काजळी काढायची आहे. पत्रा आणून ठोकायचा आहे, त्याच्याशिवाय आता मी बोटही लावणार नाही. मग दार लावून तासभर मोजायचं आहे."

"मग तूच ये आणि तूच सांग," तो म्हणाला. "माझ्यानं नाही होणार."

ती गेली तेव्हा तीन वाजले होते. वाटेत तिनं पत्रेवाल्याला गाठून अबीची हकिगत सांगितली होती. त्यानं उद्या सकाळी आठला पत्रा हातात देतो म्हणून सांगितलं. दवाखान्यात अबी खाटेवर बसली होती, आणि नर्सला सुनावत होती की या नळीतून येतं ती काय हवा आहे, माझ्या अंगणात याच्यापेक्षा चांगली आहे, मला घरी सोडा. तोंडावरचा मास्क तिनं दोनदा ओढून काढला होता. आताही तो गळ्यात लोंबत होता. पलजोर खिडकीशी उभा होता. चोरोलला पाहून तो बाजूला झाला.

"विझला का?" अबीनं विचारलं.

"मी विझवला, अबी-ले."

"तू म्हणाली होतीस नाही विझणार."

"म्हणाले होते."

अबी तिच्याकडे पाहत राहिली. चोरोलनं मान खाली घातली नाही. तिनं भोकांचं सांगितलं, मेमेचं नाव न घेता, पण अबीला ते लागणारही नव्हतं. त्या अंगणात भोकं कोण बुजवतं हे तिला पलजोरच्याही आधीपासून माहीत होतं. मग चोरोलनं पत्र्याचंही सांगितलं. डक्टभोवतीची फट बंद व्हायची राहिली होती, ते ठाऊक असूनही आपण हो म्हटलं. ती बंद असती तर धूर वर आला नसता.

"घाई मी केली," पलजोर खिडकीकडे तोंड करून म्हणाला.

"तू गप्प बस," अबी म्हणाली. मग चोरोलला विचारलं, "आता पेटवलास तर पेटेल?"

"पेटेल."

"मग?"

"पण मी आज पेटवणार नाही. उद्या."

पलजोर वळला. त्यानं आईकडे पाहिलं आणि काही बोलायला तोंड उघडलं, तोच नर्स कागद घेऊन आत आली. रक्ताची तपासणी बरी आली होती. डॉक्टर म्हणत होते, आजींची तब्येत अशीच राहिली तर संध्याकाळी घरी न्यायला हरकत नाही.

अबीच्या मांडीवरची बोटं धागा वळावा तशी एकमेकांवर फिरत होती. मग तिनं गळ्यातला मास्क उचलला, स्वतःच नाकावर बसवला, दोरी कानामागे नीट अडकवली, आणि खाटेवर आडवी होऊन रजई हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

"माझं डोकं दुखतंय," ती मास्कमधून नर्सला म्हणाली. "आज मी कुठं जात नाही."

नर्स कागद हातात धरून उभीच राहिली. दुपारपासून घरी सोडा म्हणून हीच तर भांडत होती, असं ती पलजोरला म्हणू लागली. त्यानं खाटेच्या पायथ्याशी वाकून रजईची कड आईच्या पावलांखाली दाबून घातली.

अबीचे डोळे चोरोलवर होते. "उद्या म्हणजे किती वाजता?"

चोरोलनं मनाशी मोजलं. पत्रा आठला. कडा बंद करायला दोन तास. काजळी. मग दार लावून तासभर, आणि आकडा आवडला नाही तर पुन्हा पहिल्यापासून.

"दोन," ती म्हणाली.

"मग मी तीनला येते, पेटलेल्या विस्तवाच्या घरी," अबी म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.